टोपणनाव : अर्थ, उगम आणि उकिरडा

१ जानेवारी १९७४, मंगळवार

चादरीच्या कारखान्यात लागलेल्या एका जुन्या विद्यार्थ्यानं ही डायरी आणून दिली. कापडी बांधणी, कागद जाड, शाई मागच्या पानावर उतरत नाही. चौतीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झाल्यावर माणसाला काय मिळतं, तर एक डायरी. असो, तक्रार नाही.

तक्रार नाही, कारण आज आणखीही काही मिळालं. पेठेतल्या वाचनालयाचे कार्यवाह हिंदुराव सकाळी घरी आले. हे पोस्टातले निवृत्त हेडक्लार्क, प्रत्येक वाक्याच्या शेवटी शिक्का मारल्यासारखं थांबतात. १० फेब्रुवारीच्या रविवारी वार्षिक सभेत व्याख्यान द्या म्हणाले. विषय मी जागेवर सांगितला : ‘टोपणनाव : अर्थ आणि उगम’. एका शब्दावर चाळीस मिनिटं काय बोलणार, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, चाळीस मिनिटांत माझं ‘टोपण’सुद्धा पुरं व्हायचं नाही.

घरातही एक कार्य जवळ आलंय. सूनबाई रत्नम्माचे दिवस भरत आलेत. चन्नप्पा, म्हणजे आमचे चिरंजीव, मंगळवेढ्याला कचेरीत असतात आणि शनिवारच्या एस्टीनं घरी येतात. याआधी त्यांना दोन मुलगे झाले आणि गेले. पहिला आठव्या दिवशी, दुसरा एकोणिसाव्या. त्याबद्दल इथं जास्त लिहीत नाही.

४ जानेवारी, शुक्रवार

म्युनिसिपालटीला तिसरा अर्ज दिला. आमच्या परसदाराला लागून मायाप्पा गवळ्याचा म्हशींचा गोठा आहे, आणि गोठ्याला लागून त्याचा उकिरडा. पहिला अर्ज दिवाळीआधी, दुसरा दिवाळीनंतर. या खेपेला भाषा कडक ठेवली. ‘सदरहू उकिरडा हा सुशिक्षित वस्तीस कलंक असून तो समूळ नष्ट करण्यात यावा.’ ‘समूळ’ शब्द मला आवडला म्हणून सौ.ला वाचून दाखवला. उकिरड्यानं तुमचं काय घोडं मारलंय, एवढंच ती म्हणाली.

यावरून एक नोंद. आमच्या घरात बायकांचं बोलणं कानडीत. सौ. अक्कलकोटकडची, चूल, पाणी, भांडण सगळं कानडीत करते. पण उकिरड्याला ती कधीच कानडीत ‘तिप्पे’ म्हणत नाही. अडतीस वर्षांत एकदाही नाही. ‘उकिरडा’च म्हणते, स्वच्छ मराठीत. तसंच तिच्या थोरल्या भावाला सगळं घर ‘अण्णा’ म्हणतं, ही एकटी ‘दादा’ म्हणते. लग्नानंतर मी तिला मराठी वाचायला शिकवलं त्याचा हा परिणाम. शिक्षकाच्या कामाचं फळ उशिरा दिसतं, पण दिसतं.

व्याख्यानाला प्रारंभ केला. थोरल्या शब्दकोशात ‘टोपण’ म्हणजे झाकण. एवढं शेंबडं पोरही सांगेल. खरा प्रश्न पुढेच आहे. झाकायचं ते कुणापासून? यावर कोशकार गप्प.

९ जानेवारी, बुधवार

हिंदुरावांचं मत ऐकलं. गोऱ्या पलटणीत शिपायांना टोपीवरून हाका मारत, त्यावरून टोपणनाव. मी विचारलं, पलटण यायच्या आधी लोक एकमेकांना काय शिट्टी मारत होते? ते चहा अर्धा टाकून गेले.

माझा सिद्धांत असा : खरं नाव हे पूजेच्या भांड्यासारखं. रोज वापरून झिजू नये म्हणून त्याच्यावर एक वापरायचं नाव झाकण म्हणून ठेवायचं. सात पानं झाली.

पुराव्यासाठी पेठेतली नावं गोळा करतोय. भुसारवाला येडू. पेठेत त्याच्याइतका शहाणा माणूस नाही, तरी नाव येडू. मी विचारलं तर म्हणाला, आईनं ठेवलं, माझ्या आधीची चार गेली होती. मी ‘अज्ञानमूलक’ या सदरात टाकलं.

दुपारी गोजाबाई आली होती. ही सांगोल्याकडची धनगरीण, बाळ-बाळंतिणींना तेल लावते. एका दुष्काळात मेंढरं विकून नवरा-बायको सोलापुरात आली ती इथलीच झाली. रत्नम्माचे पाय चोळून बाहेर आल्यावर तिनं विचारलं, मास्तर, नाव काय ठरवलंय. मी सांगितलं. मुलगा झाला तर दिग्विजय. मुलगी झाली तर ■■■■■. अर्थही सांगितला. गोजाबाईनं कपाळाला हात लावला. आधीच्या दोघांची नावं काय होती, म्हणून विचारलं. पहिल्याचं मृत्युंजय, दुसऱ्याचं अक्षय. दोन्ही मीच निवडलेली.

मग ती बोलत सुटली. तिचा नवरा धुळाप्पा, बहीण केराबाई, दीर दगडू, सगळ्यांच्या आधीची पोरं गेलेली, आणि ही सगळी जिवंत. धूळ, केर, दगड असल्या नावाकडं कोण ढुंकून बघतंय? मृत्युंजय म्हणजे त्यालाच दारात उभं राहून हाक मारणं झालं.

मी तिला तर्कशास्त्र समजावलं. म्हटलं, गोजाबाई, दगडू नावाची जी जगली तीच तुला भेटतात. जी गेली त्यांची नावं तुझ्या कानावर येणारच कुठून? मुद्दा बिनतोड होता. पण आत रत्नम्मा होती. तिच्या हातातलं तांब्याभर पाणी सांडल्याचा आवाज आला.

१५ जानेवारी, मंगळवार

गड्ड्याच्या जत्रेला जाऊन आलो. तेरावं पान पूर्ण. गर्दीत कुंभारीची एक म्हातारी कुणाला तरी ‘तिप्प्या, ए तिप्प्या’ म्हणून हाका मारत होती. माझी मान एकदम तिकडं वळली आणि लचकली. मला हाक मारल्यासारखी का वळली, कळत नाही. आमचं मूळ गाव कुंभारी खरं, पण मी चार वर्षांचा असतानाच आम्ही सोलापुरात आलो. सौ.नं मानेला तेल लावलं. कोणती हाक, ते विचारलं. मी सांगितलं तर ती उगाचच हसली.

२१ जानेवारी, सोमवार

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी मुलगी झाली. दोघी सुखरूप. ■■■■■! किती शोभतं. मी तिला हात लावायला गेलो तर सौ.नं आधी हात धुवायला लावले, मग अंघोळ करायला लावली, आणि मग ती झोपली म्हणून सांगितलं.

चन्नप्पाला तार केली. तारेत ■■■■■ घातलं होतं, पण सौ.नं पोस्टात जाण्याआधी कागद मागून घेतला आणि तेवढा शब्द खोडला. कुणाकुणाच्या हातातून जायचा कागद, म्हणाली. तार देणाऱ्याला नावाशी काय करायचंय?

२७ जानेवारी, रविवार

घरात कटकट. सौ. आणि गोजाबाईनं मिळून ठरवलंय : पोरीला सुपात घालून उकिरड्यावर ठेवायचं, गोजाबाईनं तिला ‘सापडली’ म्हणून उचलायचं, मग रत्नम्मानं सूपभर कोंडा देऊन गोजाबाईकडून ती विकत घ्यायची, आणि नाव केराबाई ठेवायचं. कुणाची तरी टाकलेली म्हणून आणली, म्हणजे हिच्यावर कुणाचा डोळा राहत नाही.

मी म्हटलं, माझी नात केर नाही, तिचं नाव ■■■■■ आहे. एका मराठीच्या शिक्षकाच्या नातीनं जन्मभर केराबाई म्हणून हजेरी द्यायची? चन्नप्पानं दोन्हीकडं बघून मान डोलावली आणि चारची गाडी धरली. कचेरीत तो असाच वागत असेल तर लवकर वर चढेल.

सौ.ला विचारलं, तुझा यावर खरंच विश्वास आहे का. म्हणाली, माझा तुमच्या शब्दकोशावरसुद्धा नाही, पण तो मी जपून ठेवते की.

उद्या आठवा दिवस.

२८ जानेवारी, सोमवार

पोर दूध ओढत नाही. छातीत घरघर. डॉक्टर येऊन गेले. थंडी बसली आहे म्हणाले, औषध दिलं, दोन दिवस बघू म्हणाले.

व्याख्यान लिहायला बसलो होतो. एकही ओळ नाही.

२९ जानेवारी, मंगळवार

तसंच आहे.

३० जानेवारी, बुधवार

सगळं नीट लिहितो.

दुपारी खोलीच्या दाराशी उभा होतो. रत्नम्मा माझ्याशी समोरासमोर बोलत नाही. सहा वर्षांत जे काही सांगायचं ते तिनं कणगीला नाहीतर कपाटाला सांगितलं आणि मी ऐकलं. आज तिनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं.

“मामा, हिचं नाव केर असलं तरी चालंल मला,” म्हणाली. “ही असू दे.”

मागच्या सोप्यात जाऊन बसलो. त्या दोघांची नावं मीच ठेवली होती. नावानं काही होत नाही हे मला माहीत आहे. पण नावानं काही होत नाही, तर मग केर म्हटल्यानं तरी काय बिघडणार होतं? हा मुद्दा नऊ तारखेला मला का सुचला नाही?

थोड्या वेळानं सौ. आली. तुम्हाला एक सांगायचंय म्हणाली, पण मला ते म्हणता येत नाही. डॉक्टर हिला बाजूला घेऊन काही बोलले की काय? तसं नाही म्हणाली, आणि माझा हात धरून परसदारी घेऊन गेली. भिंतीपलीकडच्या उकिरड्याकडं बोट केलं.

“याला आमच्यात काय म्हणतात, तुम्हीच म्हणा.”

मी म्हटलं, तिप्पे.

“आता पुढं आपल्या थोरल्या भावाला म्हणतात ते लावा.”

मी लावलं. तिप्पण्णा. ती पदर तोंडाला लावून खाली बघत उभी राहिली, जशी लग्नात उभी होती.

मग सगळं ऐकलं. माझ्या आधीची तीन गेली होती. आईनं मला कुंभारीच्या उकिरड्यावर ठेवलं, एका म्हशीवाल्या बाईनं उचललं, आईनं सूपभर कोंडा देऊन परत घेतलं. चार वर्षं मी तिप्पण्णा होतो. शाळेत घालताना वडिलांनी अण्णाराव लिहिलं. लग्नाच्या वर्षीच आई गेली, जाताना तिनं हे सुनेला सांगितलं, आणि सून पडली माझी बायको. नवऱ्याचं नाव ती घेणार कसं? तेव्हापासून माझी दोन नावं ती पोटात घेऊन बसलीय आणि एकही उच्चारू शकत नाही.

उकिरडा आणि दादा. आणि मी ते माझ्या शिकवणीच्या खात्यावर मांडलं होतं.

उद्या सकाळी नऊ वाजता.

३१ जानेवारी, गुरुवार

साडेआठला औषधाचा घोट पाजला. पावणेनऊला गोजाबाई आली. पोरीला शालीत गुंडाळून सुपात ठेवलं, वर मी छत्री धरली. मी बाटलीतून थोडं फिनेल आणलं होतं, जागा जरा धुऊन घ्यावी म्हणून. गोजाबाईनं बाटली हातातून काढून घेतली. म्हणाली, “मास्तर, फिनेल मारल्याला उकिरडा म्हंजी उकिरडा न्हाय.”

आम्ही परसदार उघडलं आणि समोर म्युनिसिपालटीचा ट्रक. चार माणसं फावडी घेऊन. निम्मा उकिरडा ट्रकमध्ये गेलेला, आणि मायाप्पा बाजूला उभा राहून ज्यानं अर्ज केला त्याच्या सात पिढ्या उद्धरत होता.

मी धावलो. हातात छत्री होती ती तशीच. मुकादमाला म्हटलं, थांबवा. तो म्हणाला, वरून हुकूम आहे. मी म्हटलं, हा उकिरडा आम्हाला पाहिजे. त्यानं खिशातून कागद काढून मोठ्यानं वाचला. ‘सुशिक्षित वस्तीस कलंक. समूळ नष्ट करण्यात यावा. आपला, अण्णाराव, निवृत्त शिक्षक.’ हे अण्णाराव कोण, म्हणून त्यानं विचारलं. मायाप्पानं माझ्याकडं बोट केलं.

मग मी तिथंच, ट्रकच्या बॉनेटवर कागद ठेवून, चौथा अर्ज लिहिला. ‘सदरहू उकिरडा वस्तीस अत्यंत उपयुक्त असून तो आहे त्या स्थितीत ठेवण्यात यावा.’ मुकादमानं तो दोनदा वाचला, माझ्याकडं पाहिलं, सुपाकडं पाहिलं. तो फारसा शिकलेला नसावा, पण समजलेला होता. माणसांना म्हणाला, चला रे, चहा पिऊन येऊ.

उरलेल्या अर्ध्या उकिरड्यावर सूप ठेवलं. पोर रडली. तीन दिवसांत पहिल्यांदा मोठ्यानं रडली. गोजाबाई पलीकडून आली आणि कुणाची गं ही टाकल्याली पोर म्हणून तिनं उचलली. रत्नम्मानं कोंडा दिला. गोजाबाई म्हणाली, पोर टपोरी हाय, लई स्वस्तात गेली.

चार वाजता दूध प्यायली. औषधानं की उकिरड्यानं, मला सांगता येत नाही आणि मी विचारतही नाही. मायाप्पानं संध्याकाळी शेरभर दूध पाठवलं आणि पाचवा अर्ज करू नका असा निरोपही.

१ फेब्रुवारी, शुक्रवार

बारावा दिवस. पाळण्यात घातली. सौ.नं कानाशी वाकून ■■■■■ म्हटलं, पाळण्याच्या दोरीलाही ऐकू जाणार नाही इतकं हळू. मग सगळ्यांनी मोठ्यानं केराबाई म्हटलं. सगळ्यांत मोठ्यानं मी.

जेवताना गोजाबाईला विचारलं, टोपणनाव का म्हणत असतील गं? तिनं भाकरी मोडता मोडता सांगितलं : “दुदावर टोपण कशाला ठेवत्यात? मांजराला कळू ने म्हणून की.”

बेचाळीस पानं लिहिली होती मी.

८ फेब्रुवारी, शुक्रवार

एकोणीस.

९ फेब्रुवारी, शनिवार

वीस. चन्नप्पा मंगळवेढ्याहून आला तो पिशवी खाली न ठेवता आधी पाळण्याशी गेला. मग बाहेर येऊन माझ्याजवळ बसला.

१० फेब्रुवारी, रविवार

व्याख्यान झालं. अकरा मिनिटं.

बेचाळीस पानं पिशवीतच राहिली. उभा राहिलो आणि म्हटलं की टोपण म्हणजे झाकण हे सगळ्यांना माहीत आहे, कुणापासून झाकायचं हे कोशात नाही. सांगोल्याच्या एका विदुषींचं मत मी तुमच्यापुढं ठेवतो. आणि दुधाचं आणि मांजराचं सांगितलं. मागच्या रांगेत येडू भुसारवाला बसला होता, तो डोळे पुसत होता. हा उगम खराच आहे असं मी छातीठोकपणे म्हणत नाही. पण कुणी हरकत घेतली नाही.

हिंदुरावांनी आभार मानताना पलटणीच्या टोपीचा उल्लेख केलाच. मग त्यांनी खोचून विचारलं, सगळ्या पेठेची नावं गोळा केलीत मास्तर, तुमचं स्वतःचं काय?

मी म्हटलं, “तिप्पण्णा. म्हणजे उकिरडा. कुंभारीच्या उकिरड्यावरून सूपभर कोंड्याला घेतलाय मला, आणि साठ वर्षं टिकलोय.”

सभेत हशा पिकला. बायकांच्या बाजूला सौ. बसली होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्या पोटातलं नाव कुणीतरी चारचौघांत घेतलं. ती मान खाली घालून हसत होती आणि तिचे कान लाल झाले होते. सुंदरम्मा. मीही तिचं नाव इथं पहिल्यांदाच लिहितोय.

३ मार्च, रविवार

केराबाई मूठ आवळून माझं बोट धरते. सोडवायला दोन माणसं लागतात.

हिंदुराव सकाळी बघायला आले. खरं नाव काय ठेवलंय, म्हणून विचारलं. मी म्हटलं, केराबाई, दुसरं कसलं? ते हळू आवाजात म्हणाले, मला तरी सांगा, मी कुणाला बोलणार नाही. मी चहाचं विचारलं. नंतर वाईट वाटलं, माणूस वाईट नाही. शाळेत घालायची वेळ येईल तेव्हा त्यांना पहिल्यांदा सांगेन.

ते गेल्यावर ही वही काढली आणि मागची पानं चाळली. मी अंधश्रद्धाळू नाही. हे पुन्हा एकदा नमूद करतो. पण वही टेबलावर उघडी पडलेली असते, खिडकी उघडी असते, आणि मी नको तिथं नको ते मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलेलं आहे. वाचायला कुणीही येऊ शकतं.

दौत घेतली. नऊ जानेवारीला एकदा, एकवीसला दोनदा, सत्तावीसला एकदा, एक फेब्रुवारीला एकदा. पाच ठिकाणी शाई ओतली आणि काडीनं नीट सारवली. वहीत शाईचा डाग पडला म्हणून मी पोरांना किती छड्या मारल्या असतील याचा हिशोब नाही. आज माझ्याच वहीत पाच डाग आहेत.

शाई वाळल्यावर प्रत्येक पान परसदारी नेऊन उन्हात धरून पाहिलं. दोन्ही बाजूंनी. एक अक्षरही वाचता येत नाही.